वाकडी खुंटी

सोमवार, ४ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज हातचं राखून काही ठेवलं नाही. दादाचा उजवा डोळा गेल्यात जमा आहे, आणि डावाही त्याच्या मागोमाग निघालाय. किती दिवस, ते सांगता येत नाही म्हणाले. काही महिने, कदाचित कमीच. ऑपरेशनचा उपयोग नाही. "जे बघायची हौस आहे ते बघून घ्या," असं दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. माणूस चांगला वाटला, पण त्यांच्या कोटाच्या बाह्या दोन बोटं लांब होत्या. अशा वेळी मला बाह्या कशा दिसतात, माझं मलाच कळत नाही. सगळं आयुष्य शिवणाच्या दुकानात गेलं, त्याचा हा परिणाम.

बसमध्ये मी दादाला विचारलं, "काय बघायचंय तुला? सांग, कुठंही जाऊ."

"आधी खिडकीजवळची जागा दे, मग सांगतो."

जागा दिली. घर येईपर्यंत बाहेर बघत बसला, आणि जिना चढताना एकदम म्हणाला, "ट्राम."

आता ट्राम कुठून आणायची? आपल्या शहरातली ट्राम बंद पडून एक पिढी झाली, रूळ डांबराखाली गेले. पण दादाच्या कॅसेटी आहेत. शाळेत भूगोल शिकवायचा आणि दर रविवारी खांद्यावर कॅमेरा टाकून ट्रामच्या मागे हिंडायचा. लग्न का नाही केलंस असं कुणी विचारलं, की सांगायचा, "रविवारी वेळ नसतो." त्या सगळ्या कॅसेटी माझ्या कपाटावर बुटांच्या खोक्यांत पडून आहेत. हे गेल्यावर दादा माझ्याकडे राहायला आला तेव्हा एक पेटी कपडे आणि ही खोकी, एवढंच त्याचं सामान होतं.

मी ठरवलंय. सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या, आणि त्याचा डोळा शाबूत आहे तोवर त्याला दाखवायच्या. ठरलं म्हणजे ठरलं.

बुधवार, ६ मार्च

खोकी खाली काढली. एवढी धूळ, की शिंकून शिंकून जीव गेला. प्रत्येक कॅसेटवर दादाच्या बारीक अक्षरात चिठ्ठी: "डेपो, सकाळ." "पुलावरचं वळण." "जुनी गाडी, नवा घंटावाला." एकीवर नुसतं "शेवटचा दिवस".

"कुठली आधी लावायची?" म्हणून त्याच्या हातात दोन-चार दिल्या. त्यानं एक उलटीसुलटी केली आणि परत माझ्याकडे दिली. "तूच वाच."

"अरे, तुझंच अक्षर आहे."

"म्हणूनच लागत नाही."

आम्ही दोघंही हसलो. त्याच्या अक्षराबद्दल शाळेतही तक्रारी होत्या.

मुलीचा फोन आला होता. ती म्हणते, अशा कामाची दुकानं असतात, सगळं पार्सल करून पाठवायचं, दोन-तीन महिन्यांत करून देतात. मी म्हटलं, दोन-तीन महिने कुणाकडे आहेत? आणि दादाच्या कॅसेटी मी टपालात टाकणार नाही. शेवटी ती एक छोटी डबी पाठवतेय. एका बाजूनं कॅमेऱ्याच्या वायरी लावायच्या, दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटर. पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. एवढं मला जमेल. बाही उलटी न लावता आयुष्य काढलंय मी.

शनिवार, ९ मार्च

कॅमेरा चालूच होईना. दादाला घेऊन टीव्हीवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, पोटं उघडी पडलेली यंत्रं चहूकडे. हा माणूस तोंडात स्क्रूड्रायव्हर धरूनही बोलू शकतो आणि बोलतोच. त्यानं कॅमेरा उघडला, आत डोकावला आणि विचारलं, "हा आधी कुणी उघडला होता?"

"मी," दादा म्हणाला. "ट्रामच्या पायरीवरून उतरताना हातातून निसटला, दगडावर आपटला. घरी आणून उघडला, एक खुंटी वाकली होती, ती सरळ केली. त्यानंतर कधी तक्रार नाही."

"सरळ केलीत? ही?" टीव्हीवाल्याचा चेहरा अगदी माझ्यासारखा झाला. दुसऱ्यानं घातलेल्या चुण्या उसवताना माझाही असाच होतो. "ठेवून जा. पट्टे बदलतो, आणि सगळं कसं मापात आणून देतो."

मापात म्हटल्यावर मला बरं वाटलं.

येताना रस्ता ओलांडायच्या वेळी दादानं माझं कोपर धरलं. "आतापासून सवय लावून घेतो," म्हणाला. शहाणा आहे. मला मात्र उगाच भरून आलं.

गुरुवार, १४ मार्च

कॅमेरा मिळाला. नवा असल्यासारखा गुरगुरतो. जेवणं लवकर उरकली, दादाला खुर्चीत बसवलं, डबी जोडली आणि "पुलावरचं वळण" लावली.

काय सांगू! पडद्यावर नुसत्या मुंग्या. मधून आडव्या पट्ट्या, आणि त्यांत ट्रामचे तुकडे. अर्धं छप्पर इथं, चाकं तिथं. आवाज तर तेल नसलेल्या मशीनसारखा, घर्रर्र. मी आवाज बंद करून टाकला.

"आवाज राहू दे," दादा म्हणाला.

"कान किटले माझे. आधी चित्र तर येऊ दे."

मी दुसरी लावली, तिसरी लावली. तेच. संध्याकाळपर्यंत लावत बसले आणि शेवटी मला रडूच कोसळलं. इतकी हौस दाखवून मी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला असं वाटलं.

"अगं सुई," दादा म्हणाला. लहानपणापासून तो मला सुईच म्हणतो, मी टोचते म्हणून. "रडतेस काय? दिसतंय मला. छान आहे."

"काय छान आहे? मुंग्या?"

"मुंग्यांच्या पलीकडचं दिसतंय."

माझी समजूत काढायला तो काहीही बोलेल. तसा तो पहिल्यापासूनच आहे.

शुक्रवार, १५ मार्च

टीव्हीवाल्याशी कडाक्याचं भांडण. त्यानं त्याच्याकडची एक कॅसेट आमच्या कॅमेऱ्यात घालून दाखवली. कुणाच्यातरी मुलाचा वाढदिवस होता. चित्र लख्ख, केकवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

"बघा. माझं काम चोख आहे. तुमच्या कॅसेटी मेल्यात."

"सगळ्या एकदम?"

"पटकी आली की गाव एकदमच जातं."

याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मुलगीही फोनवर म्हणाली, "आई, आता पुरे. मामाला जुने फोटो दाखव ना." फोटोत ट्राम हलते का? मी फोन ठेवला. मी हे सोडणार नाही.

घरी आले तर दादा एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून फिरायला निघालेला. बोलले मी त्याला. जिन्यातला दिवा फारच मिणमिणता आहे, तो बदलायला हवा.

सोमवार, १८ मार्च

आज एक गोष्ट झाली. चिडून मी खोक्याच्या तळाशी हात घातला आणि जी पहिली लागली ती कॅसेट लावली. आणि चित्र आलं! स्वच्छ, स्थिर. डेपोचं फाटक, त्यातून बाहेर पडणारी हिरवी ट्राम. मी ओरडलेच.

"कुठली आहे ती?" दादानं विचारलं.

"समोर दिसतेय की. हिरवी, डेपोतून निघालीय."

"म्हणजे फार जुनी. कॅमेरा पडायच्या आधीची."

मी तशीच उभी राहिले. मला एकदम माझ्या दुकानातली एक गिऱ्हाईक बाई आठवली. तिचा डावा खांदा उतरलेला होता. तिच्या मापाचा कागदी नमुना मी तसाच वाकडा कापून ठेवला होता. एकदा माझ्या मदतनीस बाईनं, बिचारीनं चांगल्या मनानं, तो नमुना सरळ करून टाकला. पुढचे कपडे त्या गिऱ्हाइकाच्या अंगावर धड बसेनात. कापड चांगलं, शिलाई चांगली, तरी झोळच झोळ.

कॅमेरा आपटला, दादानं खुंटी आपल्या अंदाजानं वाकवली, आणि त्यानंतरच्या सगळ्या कॅसेटी त्या वाकड्या खुंटीवरच भरल्या गेल्या. त्याच कॅमेऱ्यात लावायच्या, त्यामुळे कुणाला कधी कळलंच नाही. आता टीव्हीवाल्यानं खुंटी मापात आणली, आणि सरळ कॅमेऱ्याला वाकड्या कॅसेटी वाचता येईनाशा झाल्या.

दुपारीच दुकान गाठलं. म्हटलं, "वाकडा करून द्या."

टीव्हीवाला माझ्याकडे बघतच राहिला. "दुरुस्त केलेली वस्तू बिघडवून मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

"बिघडवून नको. होती तशी द्या."

"ती किती वाकडी होती ते कुणाला ठाऊक? सरळला माप असतं बाई, वाकड्याला नसतं."

पण त्याच्याही डोक्यात किडा वळवळायला लागला असावा. रविवारी घरी येतो म्हणाला.

शुक्रवार, २२ मार्च

दादाची तपासणी होती. मला शिलाईचं एक जुनं काम संपवायचं होतं म्हणून तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबरोबर गेला. "डॉक्टर काय म्हणाले?" तर म्हणे, "आहे तसंच आहे." चला, एवढं तरी बरं.

कपात चहा ओतताना बोट आत घालून बसला होता. "भूगोलाच्या मास्तरांना शोभतं का हे?" म्हटलं.

"खोली मोजतोय," म्हणाला.

रविवार, २४ मार्च

टीव्हीवाला आला. कॅमेऱ्याचं झाकण काढलं, "पुलावरचं वळण" चालू केली आणि ती खुंटी दाखवली. टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडी मोठी. फीत तिला घासून पुढे सरकते. वर एक खाच, त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून फिरवायचं. फिरवलं की मुंग्या कमी व्हायच्या, आणखी फिरवलं की दुप्पट यायच्या. जेवायची वेळ टळून गेली. त्याच्या कपाळावर घाम, बडबड सुरूच. "तुमच्या भावानं ही सरळ करताना काय गणित केलं होतं, देव जाणे."

"माझ्याकडे द्या," दादा म्हणाला. "वाकडी मीच केली होती. हातांना आठवेल कदाचित."

टीव्हीवाल्याला ते पटलं नाही, पण तोही टेकीला आला होता. त्यानं दादाचा हात धरून स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवून दिला.

"आवाज सुरू कर, सुई."

"नुसती घरघर आहे."

"असू दे. सुरू कर."

केला. घर्रर्र. दादा मान कलती करून, खिडकीकडे तोंड करून बसला आणि अगदी हळूहळू बोटं फिरवायला लागला.

"दादा, पडद्याकडे बघ की! तिकडे काय आहे?"

"बघतोय गं."

टीव्हीवाला दादाकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. मग परत दादाकडे. आणि हा माणूस, जो तोंडात हत्यार असतानाही गप्प बसत नाही, तो गप्प बसला.

घरघर बारीक होत गेली. मच्छरासारखी झाली, मग विरून गेली, आणि त्यातून घंटा ऐकू आली. ठण, ठण. दादाचा हात थांबला. मी पडद्याकडे बघितलं तर पूल होता, नदी होती, आणि लालसर ट्राम वळण घेत होती. अख्खी! मी टाळ्या वाजवल्या. दादाचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी त्याची ट्राम त्याला दिसली, येणारच.

जाताना टीव्हीवाला दारात थांबला. हळूच म्हणाला, "बाई, त्यांच्यासाठी आवाज चालू ठेवत जा."

म्हटलं, "हो, आता घरघर नाही, ठेवीन की."

त्याला आणखी काही सांगायचं होतं बहुतेक, पण चपला घालून निघून गेला. त्याच्या मानानं फारच कमी बोलला.

शुक्रवार, २९ मार्च

काम मार्गी लागलंय. कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ लागतो, घाई करून चालत नाही. मी लावून देते आणि शेजारी शिवण घेऊन बसते, नाहीतर स्वयंपाकघरात असते. दादा गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसतो. मधेच म्हणतो, "ही जुनी गाडी, हिचं मागचं चाक चपटं झालं होतं." मला सगळ्या सारख्याच. एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. काल मान वर केली तेव्हा थांब्यावर एक बाई दिसली, तिच्या पावसाळी कोटाचा गळा मात्र सुरेख बेतलेला होता. तसं बोलले, तर दादा म्हणाला, "मी ट्रामचं चित्र घेतलंय, कपड्यांचं नाही."

"ट्राममध्ये लोक नागडे बसायचे का?"

खूप हसला. बऱ्याच दिवसांनी असा हसला. मीही बरी आहे. सकाळी उठल्या उठल्या काय काम आहे ते ठाऊक असतं.

शनिवार, ६ एप्रिल

आजचं आजच लिहून काढते.

"शेवटचा दिवस" ही कॅसेट दादानं मुद्दाम मागे ठेवायला सांगितली होती. आज ती लावली. चालू करून मी चहा टाकायला गेले. आतून दादाचं बोलणं ऐकू येत होतं, मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. "सुई, बघ आता चढावर आलीय... गर्दी बघ, पायरीवर लटकलेत लोक... आता पुलावर."

मी कप घेऊन बाहेर आले. पडदा निळा होता. कोरा निळा, त्यावर काही नाही. पिवळी वायर निघून खाली लोंबत होती, सकाळी मी मागची धूळ झटकली तेव्हा निघाली असणार. चाकांचा आवाज येत होता, घंटा येत होती, आणि माझा भाऊ त्या निळ्या पडद्यासमोर पुढे झुकून बसला होता, हसऱ्या चेहऱ्यानं.

मी कप खाली ठेवले.

"दादा, काय दिसतंय आता?"

"पुलावरचं वळण. सगळे हात हलवतायत."

"पडदा निळा आहे, दादा. चित्राची वायर निघालीय."

ट्राम वाजत होती.

"कधीची?" त्यानं विचारलं.

"सकाळची. आणि तुझं? तुझं कधीपासून?"

"कॅमेरा टीव्हीवाल्याकडे होता ना, त्याच सुमाराला. उजेड कळतो अजून. दार कुठं, खिडकी कुठं, ते कळतं. तू दारात उभी आहेस हे कळलं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू लगेच खोकी बांधून परत कपाटावर टाकली असतीस. मला ऐकायच्या होत्या. आणि तू..." तो अडखळला. "दुकान बंद केल्यापासून तू रोज सकाळी घरातलेच पडदे उसवून परत शिवत होतीस, सुई. गेला महिनाभर नाही शिवलेस."

मला इतका राग आला, की मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासली. मोजे, चहात बुडवलेलं बोट, ती तपासणी. टीव्हीवाल्याला एका दुपारी कळलं आणि मला, एका घरात राहून, कळलं नाही. मला दिव्याचाच दोष दिसत होता! आणि पहिल्या दिवशी तो सांगत होता आवाज राहू दे, तर मी आवाज बंद केला. चित्रासाठी जिवाचं रान केलं, ते कुणासाठी?

रात्री एकमेकांशी बोललो नाही. त्यानं वरणात मीठ नाही हेसुद्धा सांगितलं नाही.

रविवार, ७ एप्रिल

सकाळी उठले ती ठरवूनच. "शेवटचा दिवस" अर्धवट राहिलीय, तिचं चित्र उतरलेलंच नाही. अर्धं काम मी आजवर कुणाचं ठेवलं नाही.

दादा म्हणाला, "आता चित्र कशाला?"

"मला हवंय," मी म्हटलं. "आणि तू कोपऱ्यात रुसून बसू नकोस, इकडे ये."

वायरी दोनदा हलवून बघितल्या. कॅसेट मागे नेली. शिवण बाजूला ठेवलं, त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी समोर बसले. म्हटलं, "मी सांगते. तू ऐक."

सुरुवातीला काही जमेना. मी म्हणे, "लाल ट्राम आली," तो म्हणे, "लाल नाही, विटकरी. आणि मागे दुसरी येतेय, तिचा दांडा तारेवरून निसटणार आहे." खरंच निसटला. मी सांगायच्या आधीच त्याला ठाऊक. सगळी कॅसेट तोंडपाठ. मला वाटलं, याला मी काय दाखवणार?

मग ट्राम पुलाच्या अलीकडे गर्दीमुळे थांबली, आणि खिडक्या कॅमेऱ्याच्या अगदी समोर आल्या.

"आता थांबलीय," दादा म्हणाला. "मोटार घुमतेय, ऐक. सगळे हात हलवतायत."

"सगळे नाही," मी म्हटलं. "मागच्या खिडकीत एक म्हातारा झोपलाय. डोकं काचेला टेकलंय, तोंड उघडं. कोटाचं वरचं बटण तुटलेलं असणार, त्या जागी दुसऱ्याच रंगाचं लावलंय. शेजारी बाई बसलीय, बायको असेल. ती त्याला उठवत नाहीये. त्याची टोपी खाली पडू नये म्हणून एका हातानं ती त्याच्या डोक्यावर धरून ठेवलीय, आणि दुसऱ्या हातानं बाहेरच्यांना हात हलवतेय."

दादानं मान माझ्याकडे वळवली. "कुठं आहे हे?"

"इथंच. पडद्यावर."

"माझ्या कॅसेटमध्ये?"

"मग काय माझ्या?"

"शेवटच्या ट्राममध्ये माणूस झोपला होता?" तो हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मीही पुसले. "किती वेळा पाहिली असेल मी ही, सुई. चाकंच बघत बसलो. दर वेळी चाकंच."

ट्राम घंटा देऊन हलली. त्यानं चाचपडत माझा हात धरला.

"मागे घे. खिडक्या येतील तिथं थांबव, आणि पहिल्या खिडकीपासून सांग. सावकाश सांग. टोपी कसली आहे?"

मी कॅसेट मागे घेतली. टोपी लोकरीची होती, आणि कडेला तिची एक वीण सुटलेली होती.